मास्टरांच्या डाव्या बाजूची बाई

भूतखेत, अंगात येणं, उतारे... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. जन्मभर नर्सची नोकरी केली. मेलेली माणसं इतकी हाताळली की त्यातलं एखादं परत येणार असतं, तर सगळ्यात आधी माझ्याकडेच आलं असतं — तक्रारी घेऊन! या सदरातले अनुभव मी नातवंडांना वाचून दाखवते आणि आम्ही मनसोक्त हसतो. पण एक गोष्ट अशी आहे की ती मला हसण्यावारी नेता आलेली नाही.

१९६८ साल असेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा धर्मादाय दवाखाना होता. नाव देत नाही. गोंदियाहून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं मी तिथे नोकरीला आले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. कागदपत्रं हिंदीत, बोलणं मराठीत आणि भांडण दोन्हीत, असं ते गाव.

डॉक्टर नागपूरकडचे. लकवा मारलेली, डोक्याला मार बसलेली माणसं त्या काळी औषध संपलं की घरी पाठवायचे, आणि घरी ती एका कोपऱ्यात पडून राहायची. आमच्या डॉक्टरांनी अशांसाठीच सात कॉटचा वॉर्ड काढला. म्हणायचे, हे एकट्या डॉक्टरचं काम नाही, टीमचं आहे. टीम म्हणजे आम्ही चौघं — डॉक्टर, व्यायाम करून घेणाऱ्या विमलताई, कुबड्या आणि लाकडी पट्ट्या बनवणारे सुखराम मिस्त्री, आणि मी. दर शनिवारी दुपारी चौघांनी पेशंटच्या कॉटजवळ उभं राहायचं आणि आठवडाभरात कोणी काय केलं ते त्याच्यासमोरच सांगायचं.

पावसाळा संपता संपता मोतीराम मास्टर आले. किरनापूरचे शिंपी, पन्नाशीचे. डावं अंग लुळं पडलं होतं. पण त्याहून विचित्र म्हणजे त्यांच्या लेखी जगाला डावी बाजूच उरली नव्हती. डोळे चांगले होते, तरी ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचे, डावीकडचा भात तसाच राहायचा. अर्धीच दाढी करायचे. स्वतःचाच डावा हात उचलून मला विचारायचे, "सिस्टर, हा कोनाचा हात ठेवला इथं?" मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की असं होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं.

डाव्या अंगानं ते दोनदा कॉटवरून पडले. म्हणून मीच त्यांची कॉट डावीकडून भिंतीला चिकटवली. आज एखाद्या शिकाऊ पोरीनं असं केलं तर मी तिचे कान उपटीन. अशा पेशंटची तीच तर बाजू उघडी ठेवायची, तिकडूनच बोलायचं, तिकडूनच जेवण द्यायचं, म्हणजे हळूहळू मान वळते. पण तेव्हा मला कुठे एवढं कळत होतं... कॉट आणि भिंत यांच्यात बोटभरही जागा नव्हती.

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई रोज सकाळी त्यांना सदरा घालायच्या. आधी चांगला हात घालायच्या आणि मग आखडलेला डावा हात बाहीत कोंबायच्या. मास्टर कळवळायचे, आणि यात पाव तास जायचा.

दीड महिना असा गेला. मग एका बुधवारी त्यांचे मोठे भाऊ आले. धानाची कापणी तोंडावर होती, कौसल्याबाई शेतावर हव्या होत्या, आणि मास्टरांसाठी गोठ्याशेजारची खोली झाडून ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यानं आशा सोडली होती. कौसल्याबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या खोलीत नेलं तं हे उठत नाहीत मंग. यायच्या बापाले तिथंच ठेवलं होतं."

डॉक्टरांनी भावाकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मास्टरांनी आपल्या हातानं आपला सदरा घातला, तर आणखी दोन महिने ते इथेच राहतील, नाही तर खुशाल घेऊन जा. भाऊ कबूल झाला. विमलताई मात्र डॉक्टरांवर जाम भडकल्या. तीन दिवसांत काय होतं?

शुक्रवारी दुपारी मी पाहिलं, तर मास्टर मांडीवर सदरा घेऊन चाळवाचाळव करत होते. मला वाटलं, विमलताईंनी सुरुवात केली वाटतं. बरं वाटलं आणि मी पुढच्या कॉटकडे गेले.

शनिवारी आम्ही चौघं, भाऊ आणि कौसल्याबाई असे सगळे उभे होतो. डॉक्टरांनी सदरा पुढे केला. मास्टरांनी तो मांडीवर पसरला. उजव्या हातानं डावा हात उचलला आणि आधी तो बाहीत घातला. बाही कोपराच्या वर, पार खांद्यापर्यंत ओढली. मग उजवा हात, मग गळा. चार-पाच मिनिटं लागली असतील. कौसल्याबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. भाऊ बाहेर निघून गेला, आणि नंतर कळलं की तो एकटाच किरनापूरच्या गाडीत बसला.

अधू हात आधी घालायचा, ही आमच्या कामातली शिकवायची गोष्ट आहे. न शिकलेला माणूस हमखास उलटं करतो. डॉक्टर विमलताईंना शाबासकी द्यायला लागले, तर त्या म्हणाल्या, मी कुठे... मला वाटलं तुम्हीच. मला वाटलं होतं विमलताई. मिस्त्रींना वाटलं होतं मी. कौसल्याबाईंना तर ही रीतच माहीत नव्हती. चौघांनी काम वाटून घेतलेलं, आणि हे काम कोणीच केलेलं नव्हतं.

मी मास्टरांनाच विचारलं, कोणी शिकवलं?

"ते बाई शिकवते नं," मास्टर म्हणाले. "तुमच्यातली पाचवी. तुमी चौघं या अंगानं येता, ते त्या अंगानं बसते."

"मास्टर, तिथं भिंत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांची हनुवटी छातीच्या मधोमध येऊन डावीकडे सरकली. किती तरी वेळ ते पाहत राहिले.

"हौ," ते म्हणाले. "आता भीत दिसून राह्यली. मंग ते कुठं गेली?"

मास्टरांचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझेही.

मेंदू बिघडला की माणसाला असलं काहीबाही दिसतं, आणि हा तर शिंपी, बाही कशी चढते ते त्याला ठाऊक असणारच, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मीही तेच धरून ठेवलं असतं. पण जो माणूस बुधवारपर्यंत आपल्याच हाताला 'हा कोनाचा' म्हणत होता, तो शनिवारी तोच हात आधी उचलतो... हे कसं? त्या वॉर्डात आमच्या आधी कोण काम करत होतं, याची मी चौकशी केली. कोणीच नाही; आधी ती जागा म्हणजे धान्याची कोठी होती.

ती बाई मास्टरांना पुन्हा दिसली नाही. जसजशी डावी बाजू परत आली — ताट पूर्ण संपू लागलं, दाढी पूर्ण होऊ लागली — तसतसे ते त्या भिंतीकडे पाहत बसायचे. बरं होताना त्यांनी काही तरी गमावलं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

दोन महिन्यांनी मिस्त्रींनी दिलेली काठी टेकत मास्टर स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत गेले. तिथे मला थांबवून म्हणाले, "सिस्टर, त्या बाईले सांगजा. मास्टर गेला म्हून."

मी हसून हो म्हटलं. पेशंटला नाही म्हणायचं नसतं. परत आले, तर वॉर्डात दुपारची सामसूम होती आणि कॉट रिकामी होती. इकडेतिकडे पाहिलं, आणि विश्वास नसलेली मी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बाई, मास्टर गेले. चालत गेले."

मग नव्या पेशंटसाठी चादर बदलली. तिथे कोण होतं, होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण निरोप पोचला नसेल, असं मात्र इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही.