मिश्रीशेठ आणि चावणारे बूट

शहाद्याच्या बाजारात मिश्रीशेठांच्या दुकानात गेलं, की ते "काय दाखवू?" असं कधी विचारत नसत. गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "कोठे चावस?" मग तो माणूस नवा बूट घ्यायला आलेला असो, की नुसता बँकेचा पत्ता विचारायला. जुना जोडा कुठे चावतो ते कळल्याशिवाय नवा दाखवायचा नाही, असा त्यांचा नेमच होता. मी पहिल्यांदा गेलो तो लग्नाचे बूट घ्यायला. "कुठेच चावत नाही," मी ऐटीत सांगितलं.

"मंग नवा कसाले लेतस, भाऊ?"

मी रिकाम्या हाताने घरी परतलो. आमच्या लग्नाच्या फोटोत मी जुन्याच बुटांत उभा आहे. मंगल, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना तो फोटो दाखवताना अंगठा बरोबर माझ्या पायांवर ठेवते.

शेठांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे दुकान टाकलं. घरात मारवाडी, बाजारात आमच्यापेक्षा चोख अहिराणी. जैन असल्यामुळे चामड्याला हात लावत नसत. दुकानात सगळा माल कॅनव्हास, रबर आणि रेग्झिनचा. अंगाने किरकोळ, पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया. उतरत्या फळीच्या बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय ते स्वतः हातात घेत. आणि त्यांची सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे मागची फळी. चावला म्हणून परत आलेला बूट ते कंपनीकडे धाडत नसत. त्या फळीवर ठेवत आणि त्याला चिठ्ठी बांधत: 'उजवी करंगळी', 'टाच, पाऊस पडना का जास्त', 'मास्तरनी बायको, दोन्ही आंगठा'. नवा माल मागवायच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचायच्या.

माझी मुलगी मुक्ता याच फळीपुढे वाढली. मी पुरुषोत्तमनगरला कारखान्यात टाइमकीपर. बाजाराच्या दिवशी तिला शेठांकडे बसवून आम्ही भाजी घ्यायला जायचो. परत यावं तर ही चिठ्ठ्या वाचत बसलेली. त्याचं पुढे काय होईल हे मला कळायला हवं होतं. पण मी इतरांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपणारा माणूस, माझ्या घरात काय येतंय ते मला उशिरा दिसतं.

बारावीनंतर तिने सांगितलं, "पप्पा, मला बूट डिझाईन करायचे आहेत. त्याचं कॉलेज असतं."

मला वाटलं थट्टा करतेय. चार पिढ्या आम्ही तापीकाठची जमीन कसली. पोरीने शिकून लोकांच्या पायाशी बसायचं? माझ्या मेहुण्याला कळलं तेव्हा तो भर जेवणात म्हणाला, "दाजी, आते आम्हना फाटेल बूट तुम्हनाकडेच धाडूत का?" सगळे हसले. मीही हसलो.

पोरीची समजूत घालायला मी तिला शेठांकडेच नेलं. ज्याने आयुष्य पायांत घालवलं तोच सांगेल, की बाई, यात काही नाही. माझे बेत असे असतात. शेठांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "भाऊ, तुमले कोठे चावस?"

मी विषय बदलला.

मुक्ताने प्रवेश परीक्षा दिली आणि दोन ठिकाणी नंबर लागला. एक पुण्याकडचं खासगी कॉलेज. माहितीपुस्तक इतकं गुळगुळीत, की हातातून सटकायचं. दुसरं पार लांबची सरकारी संस्था. तिची माहिती चार फिकट पानांत. त्या पानांत मला एक भयंकर गोष्ट सापडली. मी ती घेऊन दुकानात धावलो. "शेठ, हे कसलं कॉलेज! पहिल्याच सेमिस्टरला लास्ट शिकवतात म्हणे. मग पुढची तीन वर्षं काय करायचं?"

शेठांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. हसून आलेलं. "अरे भाऊ, लास्ट म्हणजे फर्मा. लाकडाना पाय. त्यानावर बूट चढावतस." ही गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. नाव न घेता. फक्त "कारखानामा टाइमकीपर शेतस एक जन" म्हणून.

निवड करायला दोनच दिवस उरले तेव्हा त्यांनी मुक्ताला दोन्हीकडे दुकानातूनच फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. पुण्याकडची बाई फार गोड बोलली. शेठांनी शुद्ध मराठीत विचारलं, "म्याडम, तुमच्याकडचे चावणारे बूट कुठे ठेवता?"

"सॉरी सर?"

"पोरांनी बनवले आणि चावले, ते."

"आमच्याकडे तसं काही नसतं सर. सगळं परफेक्टच असतं."

शेठांनी तिचे आभार मानले. दुसरीकडचा फोन चार ठिकाणी फिरून शेवटी कारखान्याच्या आवाजात कुणा उस्तादाने उचलला. तोच प्रश्न हिंदीत गेला. पलीकडे मशिन बंद झाली. मग मोठं हसू. "पूरी अलमारी भरी है, सेठजी! सबसे ऊपर वाला मेरा ही है."

"बाई," शेठ मुक्ताला म्हणाले, "तुन्हं कॉलेज सापडनं."

मुक्ता मात्र खाली बघत होती. "शेठकाका, तिथे चामडं पण शिकावं लागेल."

त्यांनी रेग्झिनचा एक बूट उचलून फळीवर सरळ ठेवला. मग म्हणाले, "शिकी ले. मी चामडं इकत नही, तो मन्हा धरम. तुन्हा धरम पाय."

मी फॉर्मवर सही केली. मनापासून नाही, दोन जणांपुढे एकटा पडलो म्हणून. त्याचा पुरावा देतो. तिच्या पहिल्या वर्षी त्याच दुकानात गावाकडच्या एका ओळखीच्याने विचारलं, "पोर काय शिकते, भाऊ?" मी म्हणालो, "डिझाईनचं करते. कपड्यांच्या." शेठ त्या माणसाच्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाडी मात्र अशी ओढली की तो माणूस "आय व!" करून ओरडला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुक्ता त्यांना भेटायला गेली, मी बरोबर. शेठ बाकावर अनवाणी बसले होते. मूत्रपिंडाच्या दुखण्याने पाय सुजून उशीसारखे झाले होते. बुटांनी भरलेल्या दुकानात मालकाला होईल असा एक जोड नव्हता. मुक्ताने पिशवीतून कागद काढला, जमिनीवर पसरला, आणि त्यांच्या पायाकडे हात नेला. शेठांनी पाय झटकन मागे घेतला.

"नही बाई. आंडेरनी, लेकनी, पायले हात लावो नही. आम्हनामा लेक पाया पडस नही, आम्हीच तिना पाया पडतस."

"माप घेतेय काका, पाया नाही पडत."

"तरी नही."

त्यांना स्वतःला वाकता येत नव्हतं. दुकानात उरलो मी. मुक्ताने पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी त्यांच्या बुटक्या स्टुलावर बसलो आणि त्यांचा पाय हातात घेतला. जड होता, गरम होता, आणि तळवा लहान मुलासारखा मऊ.

"पेन्सिल उभी धरा पप्पा. तिरकी नको."

"उभीच आहे."

"भाऊ, गुदगुल्या नका करू," शेठ म्हणाले. मी करंगळीवरून वळून टाचेपर्यंत आलो, मग दुसरा पाय. सगळं झाल्यावर त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. "भाऊ, तुमले हाई काम येस," एवढंच बोलले.

होळीच्या आधी पार्सल आलं. राखाडी कॅनव्हास, रुंद तोंड, नाडीऐवजी पट्टा. शेठ ते घालून रोज देरासरला, म्हणजे जैन मंदिरात, जात. बाहेर काढून ठेवताना तिथल्या फुलवालीला बजावत, "ध्यान ठेव व, आम्हनी पोरनी करेल शेतस." दर्शन म्हणे लवकर उरकायचं. उन्हाळ्यात ते गेले. सुरतेहून मुलगा आला, माल विकला, गाळा सोडला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मुक्ता हल्ली सुजलेल्या, वाकड्या झालेल्या पायांसाठी बूट बनवते. परवा तळोद्याला एका लग्नात तोच गावाकडचा ओळखीचा भेटला. "पोर अजून कपड्यांचंच करते का?"

"नाही. बूट बनवते," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, शेजारच्या पंगतीतल्यांनीही माना वळवल्या. पानातली जिलबी तशीच राहिली. हे वाक्य मला त्या दुकानात बोलायचं होतं, शेठ खाली बसून नाडी बांधत असताना. त्यांनी मान वर केली असती की नाही, एवढंच मला पाहायचं होतं.