परत आलेली सुपारी

रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर आबांनी डोक्यावरचा फेटा सोडला, घडी घालून माझ्या बॅगेत कोंबला आणि म्हणाले, "तिकडं थंडी लय असती म्हणं. कानाला गुंडाळ." फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील बोडक्या डोक्याने कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. त्या दिवशी ते तसेच, गोळी लागलेला डावा पाय ओढत, बाजारातून घरी गेले. मी खिडकीतून पाहत राहिलो. उतरलो नाही.

जर्मनीत मी कारखान्यात नोकरीला गेलो होतो. कॅन्टीनमध्ये नकला करता करता हॅम्बुर्गच्या एका लहान थिएटरात पोचलो, पुढे टीव्हीवर. आज माझा पासपोर्ट जर्मन आहे आणि पोस्टरवर नावाखाली 'विनोदी नट' असं छापतात. पण मला नाव मिळालं ते एकाच सोंगामुळे. फेटा बांधून, डावा पाय ओढत, शेळ्यांना "सावधान! दाहिने मुड!" असे हुकूम सोडणारा म्हातारा सुभेदार. शेळ्या ऐकत नाहीत, म्हणून तो त्यांची रजा नामंजूर करतो. लोक हसून लोळायचे. मी तो फेटा कानाला एकदाही गुंडाळला नाही.

गावी राहिलेल्यांना आठवत असेल, आपल्या यात्रेत सोंगाड्या कुणा जित्या माणसाचं सोंग काढणार असला, तर दुपारी त्याच्या दारात सुपारी घेऊन जायचा. त्याने ठेवून घेतली तर होकार. परत दिली तर विषय संपला, सोंग निघत नसे. माझ्यासारखे बाहेर पडलेले हे विसरले असतील. मी विसरलो नव्हतो. हजारो मैलांवर कोण विचारतंय, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग धाकट्या बहिणीने आबांना मोबाइलवर माझा प्रयोग दाखवला. त्यांचा फोन आला. "लोक लय हसत्यात रं," म्हणाले. आणि मग, "सुपारी न्हाई आली ती तुझी."

गेल्या यात्रेच्या आधी मी गावी आलो आणि भर दुपारी, परक्यासारखा, दारात उभा राहिलो. आईने पाहिलं आणि आत वळून हाक दिली, "आवं, सोंगाड्या आलाय बगा दारात!"

"येऊ दे. लांबनं आलाय."

मी सुपारी पुढे केली. आबांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली. "शेळ्यांचं लय ब्येस जमलंय," ते म्हणाले. "पर ह्याच पायानं तुला खांद्यावर घेऊन औंधाचा डोंगर चढलोय, यमाईला." आणि सुपारी माझ्या तळहातावर परत ठेवली.

नंतर त्यांनी बॅगेतून फेटा काढायला लावला. माझ्यापुढे उभं राहून तो माझ्या डोक्याला बांधला, सावकाश, एकेक पीळ देत. "इतकी वर्सं चुकीचा बांधून दावलास जगाला." मग सोडला, घडी घातली आणि पुन्हा बॅगेत ठेवला. "थंडीला ने."

आता हॅम्बुर्गमध्ये हिवाळ्यात मी तो कानाला गुंडाळतो. थिएटरात गर्दी कमी झाली आहे. प्रयोग संपल्यावर अजूनही कुणीतरी मागून ओरडतं, "सुभेदार! सुभेदार!" मी सांगतो, "घरून परवानगी नाही."

ते पोट धरून हसतात. त्यांना तो विनोद वाटतो.