पूजेला बसलेला लॅपटॉप

कल्याण फिटरला एका जागी बसवणं म्हणजे चिमणीला पाटावर बसवून जेवू घालणं. दुसऱ्याच्या लग्नात गेला तरी मांडवातला डुगडुगणारा पंखा सरळ केल्याशिवाय त्याच्या घशाखाली बुंदी उतरत नाही. सुप्याच्या एमआयडीसीत त्याला एकोणीस वर्षं झाली. मशीनला कान लावतो आणि म्हणतो, "बेरिंग गेलं." बेरिंगच गेलेलं असतं. त्यामुळे वाडीत कुणाचा मिक्सर बसो नाहीतर मोटार, हाक एकच: "ओ कल्याणभाऊ!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला मात्र हाक घरातूनच आली.

"आण्णा! लॅपटॉप चालू होत नाहीये."

लेकीचा, निकिताचा चेहरा बघून कल्याणच्या पायातली एक चप्पल दारातच राहिली. अकरा वाजता तिची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, शेवटची फेरी. मोबाईल चालणार नाही असं त्यांनी बजावून कळवलेलं. स्क्रीनवर काम करून दाखवायचं होतं. कल्याणचा जन्म मशीनपुढे उभ्यानं गेला. पोरीला खुर्चीतली नोकरी लागावी, एवढंच तो वर्षभर देवाला सांगत होता.

"बगू इकडं." त्यानं लॅपटॉपला कान लावला.

"आण्णा, ती मोटार नाही."

"गप गं. आवाजावरनं कळतं."

"आवाजच येत नाहीये, तेच तर सांगतेय!"

त्यानं टेस्टर घालून बघितला. लाईट होती. चार्जरवरचा दिवा लागत होता. तरी त्यानं पिन काढून दुसऱ्या बोर्डात लावली, मग मिक्सर उपटून स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावली. बटण तर असं दाबलं, की बोटाचं नख पांढरं पडलं. लॅपटॉप ढिम्म.

एवढ्यात शेजारचे भिमाजीतात्या मशेरी लावत दारात आले.

"काय रं कल्याणा, बंद पडलं व्हय? आमचा टीव्ही आसाच करतो. दोन थपडा दिल्या की बोलतो."

"टीव्ही न्हाई ह्यो, तात्या."

"मग एकच दे."

साडेदहा वाजले. निकितानं नगरच्या जॉर्जला फोन लावून स्पीकरवर ठेवला. लॅपटॉप त्याच्याच दुकानातून आणलेला. जॉर्ज इतका सावकाश बोलायचा, की त्याच्या दोन शब्दांच्या मध्ये माणूस चहा पिऊन यावा.

"हां... बोला साहेब. आधी... चार्जर काढा. काढला? आता बटण दाबून धरा. तीस मोजा."

"एकदोनतीनचारपाचसाहासाताठ—" कल्याण सुटला.

"साहेब, मोजा म्हटलं. शर्यत नाही लावली."

दुसऱ्यांदा निकितानं मोजलं. काही झालं नाही.

"चार्जरची पिन... पूर्ण आत जाते का?"

कल्याणनं पिन दाबली, आणि त्याचा हात थबकला. फिटरच्या बोटाला डोळे असतात. पिन नखभर बाहेर राहत होती. निकितानं टॉर्च मारला; भोकात काहीतरी पिवळं दिसलं.

"पिवळं?" जॉर्ज म्हणाला. "लॅपटॉपात पिवळं काय असणार?"

कल्याणच्या मानेवरून घाम उतरला. खंडेनवमीला पाने, पक्कड, टेस्टर पाटावर मांडताना त्यानं लॅपटॉपही भिंतीला टेकवून उभा केला होता. "ह्ये आपल्या पोरीचं अवजार," म्हणत वरून मूठभर अक्षता सोडल्या होत्या, हळदीत भिजवलेल्या. आणि पूजेला बसलेल्या अवजाराला दसरा सरेपर्यंत हात लावायचा नाही, ही घरची रीत. निकितानं दोनदा चार्जिंगला लावू का विचारलं, दोनदा त्यानंच दटावलं होतं: "देव उठू दे, मग लाव."

त्यानं बारका स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"लोखंड घालू नका!" जॉर्ज पहिल्यांदाच घाईनं बोलला. "आतली सुई वाकली तर आजचा विषय संपला."

खराट्याची काडी आणली. अर्धा टन वजनाचा रोलर सुताच्या मापात बसवणारा हात तांदळाचा एकच दाणा काडीनं उकरत होता. दाणा निघाला.

"आरं, लग्नाआदीच आक्षदा पडल्या की पोरीवर!" तात्या खदखदले. बाकी कुणी हसलं नाही. निकितानं त्याच्या हातातून चार्जर घेतला आणि स्वतःच खोचला.

लॅपटॉपवर नारिंगी दिवा लागला. "बॅटरी साफ उतरलीय," जॉर्ज म्हणाला. "पंधरा मिनिटं... हात लावू नका."

पंधरा मिनिटं! कल्याणनं अंगणातली मोटारसायकल तीनदा स्टँडवर घेतली. धुतलेला पाना पुन्हा धुतला. खिडकीतून डोकावला.

"झालं का?"

"दोन मिनिटं झालीत, आण्णा."

दहा अठ्ठावन्नला स्क्रीन उजळली आणि तिच्यावर पाटी आली: अपडेट चालू आहे, बंद करू नका. सत्तावीस टक्के. बराच वेळ सत्तावीसच.

"ह्याला आत्ताच सुचायचं हुतं!" कल्याण कळवळला. "आमचं थ्रेशर यापरीस लवकर मळतंय."

अकरा वाजून चार मिनिटांनी अपडेट संपलं, निकिता लॅपटॉप घेऊन आत गेली आणि दार लागलं. कल्याण दाराला चिकटला.

"सॉरी सर, उशीर झाला. पूजेची अक्षता चार्जिंगच्या भोकात गेली होती."

कल्याणनं डोळे मिटले. मग लॅपटॉपमधून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"आमच्याकडे प्रिंटरला हार घातला. तेव्हापासून तो कागद ओढत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"रोलरात पाकळ्या—" कल्याणचा हात कडीवर गेला. तात्यांनी त्याला सदऱ्याला धरून मागं ओढलं. आतून निकिताचा आवाज आला, "आधी स्विच बंद करून रोलर बघितला असता, सर. पाकळी अडकली असेल."

चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"काय म्हनले?"

"सोमवारी कळवतो म्हणाले."

कल्याणनं कॅलेंडर बघितलं. शुक्रवार.

"सोमवारी सकाळच्याला का दुपारच्याला?"

"आण्णा, नुसतं सोमवारी म्हणाले."

"त्ये ऐकलं गं. पर किती वाजता?"