शिरा, समुद्र आणि सपाट रेघ

रेडमंडहून निघताना, ज्यांच्याकडे मी भाड्याने राहते त्या जोशीकाकूंनी दोन स्वेटर जास्तीचे कोंबले. अलास्काच्या उत्तर टोकाला उतरल्यावर कळलं, चार हवे होते.

चार वर्षं राबून मी एक यंत्र बांधलंय. ते विमानाच्या पोटात खाली तोंड करून बसतं. प्रत्येक वस्तूतून मायक्रोवेव्ह लहरी मंद मंद निघत असतात. समुद्रावरच्या बर्फातून जास्त, उघड्या पाण्यातून कमी. त्या मोजल्या की ढगांच्या वरूनही बर्फ कुठे आहे ते कळतं. हवामानामुळे आधीची दोन उड्डाणं कॅन्सल झाली होती आणि विमान उद्या परत जाणार होतं. आज जमलं नाही तर माझ्या पीएचडीचं काही खरं नव्हतं.

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. "नवीन यंत्र आहे, हळदकुंकू वाहा. नैवेद्य यंत्रासमोरच ठेव हं!"

हॉटेलच्या खोलीत कसाबसा शिरा केला. हँगरमध्ये आमचा तंत्रज्ञ गॅरी टोपी काढून उभा होता.

"हे समोरच ठेवायचं?" त्याने शिऱ्याचा डबा हातात घेत विचारलं.

"हो, समोरच," म्हणत मी चेकलिस्ट भरायला पळाले.

विमान उडालं आणि स्क्रीनवरची रेघ सपाट. वैमानिक बाई ओरडून सांगायची, "पाणी! आता बर्फ!" रेघ ढिम्म. तासभर मी वायरी हलवल्या, यंत्राला शिव्या घातल्या, शेवटी चक्क रडले.

मागच्या सीटवरून गॅरी हळूच म्हणाला, "प्रसाद पडणार नाही. चार टेप मारल्यात."

"कुठे?"

"यंत्राच्या तोंडासमोर. तूच म्हणालीस."

अहो, तासभर माझं यंत्र अख्खा समुद्र सोडून शिरा बघत होतं! आणि शिऱ्यात बदल तो काय होणार?

मी विमानाच्या तळातली झडप उघडली. गॅरी डब्याला हात लावेना. "मी तुमच्या धर्माचा नाही," म्हणाला. मीच बधिर बोटांनी टेप ओरबाडली. रेघ धाडकन खाली आली. पाणी! मग वर चढली. बर्फ! परतीपुरतं सोडून इंधन वीस मिनिटांचं उरलं होतं. ती वीस मिनिटं मी पापणी मिटली नाही. तेवढ्या आकड्यांवर प्रबंध उभा राहील, असं आमच्या प्राध्यापकबाईंनी कळवलंय.

घरी आल्यावर काकूंनी चहा पुढे ठेवला. "वरून बर्फ कसा दिसतो गं?"

माझ्या सीटशेजारी चांगली मोठी खिडकी होती. तिच्यातून मी एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडून रेघ दाखवली.

काकूंनी वाकून पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. "पण पांढरा असतो ना?"

"असावा," मी म्हणाले.