शंभरावी बाई

अन्याय माझ्या आईवर झाला. दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दीड वाजता. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून उतरले नव्हते. जागा: शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीतलं समाजमंदिर, दोन चादरी बांधून केलेल्या आडोशाच्या अलीकडं. अन्याय करणारी कोण, हे शोधायला चौकशी समिती नको. ती मी.

पत्रकं लिहायची सवय मला अकरावीपासून. नळाला पाणी नाही, लिहा पत्रक. गटार तुंबली, लिहा पत्रक. लिहायची मी आणि घड्या घालायची आई. टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं तिचं कामच घड्या घालायचं होतं. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांवर सुताची पांढरी लव असायची. हातपाय धुऊन चहा झाला की विचारायची, "आज हाय का काय तुझं?"

असलं की मी गठ्ठा पुढं ठेवायची. ओल्या शाईचा वास घरभर. आई मांडीवर पाट घ्यायची, एका कागदाच्या तीन घड्या करायची आणि अंगठ्याच्या नखानं कड दाबायची. कर्र. पुन्हा कर्र. शेंगाचटणीच्या तेलकट बोटांनी मी कागदाला हात लावला की फटका बसायचा.

"वाच की, काय लिवलंस."

मी भाषण ठोकल्यासारखी वाचायची. ती मान खाली घालूनच म्हणायची, "हितं शिव्या लई झाल्या. ते नगरसेवक पळून गेलं तर नळ कोन देईल, तुजा बाप?" बाप कोपऱ्यात कडक भाकरी मोडत असायचा. तो म्हणायचा, "मला न्हाय जमायचं." आम्ही हसायचो. त्या संध्याकाळी मला आता इतक्या आठवतात की पत्रक लिहायला बसले तरी आधी कान त्या कर्रकडं जातो.

स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिराचं पत्रक मी चांगलं लिहिलं होतं. आजही म्हणेन. पाळी झाल्यावर काही दिवसांनी आरशासमोर उभं राहा, हात वर करा, बघा, चाचपा. दुखत नाही म्हणून गाठ सोडून देऊ नका. चाळिशी झाली की डॉक्टरला विचारून तपासणी करा. खाली चार चित्रं: स्तनातली गाठ, काखेतली गाठ, खळी पडून संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, स्तनाग्रातून येणारं पाणी. मथळा ठळक: लाज सोडा, जीव जपा. सगळ्या गठ्ठ्याच्या घड्या आईनं घातल्या.

शिबिराच्या दिवशी आई सकाळपासून राबत होती. पाणी भर, खुर्च्या लाव, दुसऱ्यांची लेकरं सांभाळ. लाजणाऱ्या बायकांना चादरीआड ढकलायची, "जा गं, डाक्टरीनबाई हाय. ती काय दृष्ट लावतीया?" दीड वाजता हात पुसत माझ्याकडं आली.

"माजं बी बघाया सांग की."

मी तपासलेल्या बायकांची नावं वहीत लिहीत होते, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "आई, तू थांब जरा. तू काय घरचीच आहेस. या बायका लांबून आल्यात."

"व्हय," म्हणाली आणि पाण्याचा जग भरायला गेली.

दोन वाजता डॉक्टर निघून गेल्या. संध्याकाळी वहीतली नावं मोजली तर नव्याण्णव. पुढच्या पत्रकात मला शंभर म्हणायचं होतं. मी निळ्या पेनानं आईचं नाव लिहिलं. पुढं लिहिलं: तपासणी झाली, दोष नाही.

जून लागला. आई पीठ चाळता चाळता म्हणाली, "त्यातलं एकादं पत्रक ऱ्हायलंय का?" मी दिलं. तिनं ते उलगडून तिसऱ्या चित्रावर पिठाचं बोट ठेवलं.

"हे असं हाय मला."

"कधीपासून?"

"शिबिराच्या आदीपासून. हे चित्र बरोबर घडीवर येत हुतं की. नकाखाली रोज तेच."

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "याआधी कुणी तपासलं होतं?" आई म्हणाली, "न्हाय बाई. ऱ्हाऊन गेलं."

लवकर आलो असतो तर उपचार हलके झाले असते का? डॉक्टर म्हणाल्या, ठाम सांगता येत नाही, पण लवकर सापडलेली गाठ बरी करायला सोपी असते. मग कागदावर काढून दाखवलं: आधी ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी केमोची सलाईन, मग लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, मग काही वर्षं गोळ्या. आईचा प्रश्न एकच, "हात ऱ्हाईल न्हवं? घड्या घालायच्यात."

ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवला होता: भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. कुठवर पोचली, तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायची. त्याच भिंतीवर माझ्या शाळेतल्या उंचीच्या रेघा होत्या, तिनं मारलेल्या.

केमोत तोंड आलं, तर तीन दिवस कुणाला बोलली नाही. गल्ली म्हणायची, सोसावं लागतं. कसलं सोसावं? डॉक्टर रागावल्या, "सांगायचं असतं, यावर औषध आहे." मग मिठासोड्याच्या गुळण्या, लहान मुलांचा मऊ ब्रश. कडक भाकरीचा डबा फळीवर गेला, ज्वारीची आंबील गार करून वाटीत आली. मळमळीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, हेही तेव्हाच कळलं. एकदा दुपारी ताप चढला. शेजारीण काढा घेऊन आली, मी रिक्षा घेऊन आले. केमोत ताप आला तर घरी थांबायचंच नाही, असं बजावून सांगितलं होतं. आई कण्हत म्हणाली, "दमानं गं, तापच हाय, लगीन न्हाय लागत कुटं." तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. केस गेले तेव्हा डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बरं झालं, आता सूत अडकायचं न्हाय."

एके दिवशी तिची बोटं माझ्या सातवीच्या रेघेला टेकली. का कुणास ठाऊक, मला तिथंच राहवलं नाही.

"आई, त्या वहीत मी तुझं नाव घातलं होतं. तपासली म्हणून."

बोटं भिंतीवरच. "म्हाईत हाय. वही फडक्यात बांधून मीच ठिवली की. शंभरावी मी. म्हनलं, नंबर तरी चांगला घावला." हसली. मग हात खाली घेतला. "पर ते खोड. उद्या कोन वाचंल अन म्हनंल, तपासून बी काय घावत न्हाय, मग कशाला जायाचं?"

मी खोडलं. पुढं लिहिलं: तपासली नाही, घरचीच म्हणून थांबवली. खाली माझी सही.

लाईट झाली. गोळ्या चालू आहेत, सकाळी सांधे धरतात. हात सुजतो म्हणून घट्ट बाही घालते. कारखाना सुटला. पत्रकांच्या घड्या आता मी घालते आणि ती पाटाशी बसून टोमणे मारते, "ही घडी हाय का पापड?" खरंच वाकड्या येतात. कर्र असा आवाज माझ्या नखातून निघत नाही.

आता तुम्ही. हे वाचून झालं की उठा. तुमच्या घरात सगळ्यांना पाणी देणारी, दुसऱ्यांना दवाखान्यात नेणारी, रांग लावून देणारी जी बाई आहे, तिच्यासमोर जाऊन उभे राहा आणि विचारा, तुझी तपासणी कधी झाली? "राहून गेलं" म्हणाली, तर याच आठवड्यातला दिवस ठरवा. आणि त्या दिवशी खुर्च्या तुम्ही लावा. तिला रांगेत पहिली उभी करा.