कुणालाच सुखी न म्हणणारे काका

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत कुणाच्याही घरी काही चांगलं घडलं की थांबाकाका जेवायला सगळ्यांत आधी हजर असत, आणि अभिनंदन मात्र करत नसत. वास्तुशांत असो, मुलाचं ग्रॅज्युएशन असो, नाहीतर बारसं. श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून ते यजमानाचा हात हातात घेत आणि म्हणत, "थांबा. शेवट बघू." बारशालासुद्धा! पाळण्यातल्या पोरीचा शेवट बघायला निघालेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या यादीपुरतं उरलं होतं.

ही खोड त्यांनी प्राचीन ग्रीकांकडून उचलली होती. एका गडगंज राजाने एका ग्रीक शहाण्याला आपला खजिना दाखवला आणि विचारलं, जगात सगळ्यांत सुखी कोण? राजाला आपलं नाव ऐकायचं होतं. शहाणा म्हणाला, माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये, फार तर नशीबवान म्हणावं. पुढे राजाचं राज्य गेलं. ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे आणि चाळीसही वेळा मला तो शहाणा आगाऊ वाटला. राज्य जायच्या आधी राजाने जी बरी वर्षं काढली त्यांचं काय, असं विचारलं की काका चष्मा पुसायला घेत.

निवृत्तीनंतर ते महिन्यातून एका रविवारी टाउनच्या लायब्ररीत 'सुख म्हणजे काय' यावर बोलत. ऐकायला पाच-सहा माणसं, त्यांतली दोन हीटरसाठी आलेली. बागेत मित्रांबरोबर साधं खाऊन सुखी होणारे ग्रीक, मन घट्ट करून सुखी होणारे रोमन, आणि रांजणात राहून साऱ्या जगाला हिणवणारा तो एक अवलिया, सगळे त्यांना पाठ होते. उपयोग कुणाचाच केला नाही. बाग होती, पण मित्रांना बोलवायचे नाहीत. मन घट्ट होतं म्हणावं, तर साधं पार्किंगचं तिकीट आलं तरी आठवडाभर धुसफुसायचे.

आता ही ग्रीक-रोमन मंडळी दोन हजार वर्षांनी आमच्या ऑफिसच्या कॉफी मगांवर येऊन बसली आहेत. ले-ऑफच्या आठवड्यात एचआरने एक ट्रेनर बाई आणली. 'जे आपल्या हातात आहे तेवढंच बघा' असं सांगून, तेच छापलेले कॉफीचे मग वाटून ती निघून गेली. मी काकांना माझा मग दाखवला. "अगं, ज्यांनी लोकांच्या नोकऱ्या घालवल्या त्यांनीच वाटला ना हा?" ते म्हणाले. त्यांचं एखादं वाक्य मला पटलं असेल तर एवढंच.

बारा वर्षं वाट पाहून माझं ग्रीन कार्ड आलं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. एव्हाना मला शहाणपण यायला हवं होतं. त्यांनी दोन पेढे खाल्ले, तिसरा बशीत काढून ठेवला आणि म्हणाले, "थांब. शेवट बघू."

"काका, ग्रीन कार्डाचा शेवट म्हणजे काय? मी मेल्यावर?"

"अर्थात."

घरी येऊन, डिशवॉशर असताना, मी अर्धा तास हाताने भांडी घासली.

आम्हा बाहेरच्यांचं एक वेळ ठीक होतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी, मृणाल, इथेच जन्मली, बिनआईची वाढली. व्हरमाँटमध्ये तिची बेकरी आहे. मला ती मावशी म्हणते; मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. लग्नाच्या सकाळी ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "बाबा, स्पीचमध्ये जस्ट वन लाइन. से यू आर हॅपी फॉर मी." काकांनी मान हलवली. संध्याकाळी माइक हातात घेतला आणि राजा, खजिना, शहाणा, सगळं साग्रसंगीत सांगितलं. शेवटी म्हणाले, "सो, लेट अस वेट." नवऱ्याकडच्या एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग इतरांनी. मृणाल खाली मान घालून ताटातली पोळी मोडत राहिली. त्या दिवशी मला त्या माणसाची किळस आली.

गेल्या मार्चमध्ये त्यांना वूस्टरच्या हॉस्पिटलात ठेवलं. कॅन्सर यकृतापर्यंत पसरला होता, आठवड्यांचाच प्रश्न होता. मृणाल येऊन-जाऊन असायची. एका दुपारी, मी तिथेच असताना, ती स्वतः भाजलेला ब्रेड घेऊन आली, त्यांच्या उशाशी बसली आणि सरळच बोलली. "बाबा, बेकरी चाललीय... आय मीन, इट्स डूइंग वेल. द बेबी इज ग्रेट. आय ॲम हॅपी. कॅन यू जस्ट से इट वन्स?"

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "थांब."

"आय हॅव टू ड्राइव्ह बॅक," असं म्हणून ती उठली. दारातून तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती गेल्यावर काकांनी मला विचारलं, "खरंच सुखी दिसते का गं ती?"

"हे तिला विचारायचं होतं. आणि दिसते, तर तसं तिला सांगायचं होतं."

"सांगितलं आणि दृष्ट लागली म्हणजे?"

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. पण ते पूर्ण शुद्धीवर होते. "एकदाच बोललो होतो," ते म्हणाले. "हिच्या आईच्या चाळिशीला, सगळ्यांसमोर. माझ्याइतका सुखी माणूस मॅसॅच्युसेट्समध्ये नाही म्हणालो. दिवाळीच्या आत ती गेली. मृणाल नऊ वर्षांची होती."

म्हणजे ग्रीक, रोमन, पुस्तकांची दोन कपाटं, लायब्ररीतली व्याख्यानं, आणि या सगळ्याच्या खाली दृष्ट! माझ्या आजीने मीठमोहऱ्या ओवाळून ही भानगड पाच मिनिटांत मिटवली असती आणि वर पोरीला जवळही घेतलं असतं. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. मरणाऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले. फोन काढून त्यांच्या हातात दिला. "आत्ता सांगा."

त्यांनी फोन बराच वेळ धरून ठेवला. "ती ड्राइव्ह करत असेल," म्हणाले, आणि परत दिला. चौथ्या दिवशी गेले.

नंतर मी आणि मृणाल त्यांची पुस्तकं खोक्यांत भरत होतो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. काकूंच्या चाळिशीचं, दृष्टीचं, फोनचं.

"सो ऑल दोज इयर्स, ही थॉट आय वॉज हॅपी?"

"इतकी, की त्यांना भीती वाटायची."

तिने हातातलं जाडजूड पुस्तक खोक्यात टाकलं आणि जमिनीवर बसली. मी तिला ओळखते त्या सगळ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली.

"मग मला सांगायचं ना बाबांनी, मावशी."