दुन्याचे पांढरे फ्यूज

माझ्या मुलीचे, दुन्याचे, हात गुरुवारपासून अजिबात थरथरलेले नाहीत आणि मला त्याचीच धास्ती बसली आहे. नवरा सोडून गेल्यापासून तिला कॉफीचा कपसुद्धा धड धरता येत नव्हता. दातांच्या कॅप बनवण्याचं तिचं काम, सगळा खेळ बोटांचा. आता तिची बोटं अगदी शांत आहेत. जेवताना ती गुणगुणतेसुद्धा.

दुन्या लहानपणीही रडायची नाही, भांडायची नाही, लक्षात ठेवायची. शाळेत शेजारच्या मुलीने तिची वेणी कापली, तेव्हा ही वर्षभर तिच्याशी गोड वागली. मग त्या मुलीच्या नव्याकोऱ्या बुटांत तिने मध ओतला. "पाणी वाळतं गं आई, मध राहतो," असं मला समजावलं होतं.

तिच्या बाबांची आकाशी फिचा होती. क्रागुयेवाकमध्ये ज्याचा बाप गाड्यांच्या कारखान्यात, त्याच्या दारात ही चिमुकली गाडी असायचीच. ह्यांनी ती मरेपर्यंत जपली, दर वसंतात स्वतः पॉलिश केली. लग्नानंतर कागदावर जावयाचं नाव लावलं, आमच्यात लावतातच. रादोश घर सोडून गेला तो त्याच गाडीतून गेला. मागच्या काचेशी ह्यांची टोपी होती, तीही गेली. नवरा गेल्याबद्दल दुन्या एक शब्द बोलली नाही. गाडीबद्दल मात्र म्हणाली, "ही त्याला पचू द्यायची नाही."

रादोशला जुन्या गाड्यांच्या क्लबाचा पितळी बिल्ला हवा होता. परीक्षकांनी फ्यूजची पेटी उघडली, तर आत प्लॅस्टिकचे फ्यूज. "त्या काळचे, चिनी मातीचे आण, मग बघू," असं म्हणून परत पाठवलं त्याला. बेकरीत ही बातमी ऐकून दुन्या वर्षात पहिल्यांदा हसली, आणि रविवारी मला घेऊन जुन्या बाजारात गेली.

तिथे झिवोता काका चादरीवर जुने सुटे भाग मांडून बसतात.

"फिचाचे फ्यूज आहेत, काका?"

"आहेत की. पांढरे हलक्या भाराचे, लाल जड भाराचे. किती देऊ?"

"सगळे."

"सगळे? तुझ्याकडे तर आता गाडीच नाही, पोरी."

"म्हणून तर सगळे."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, ही तुमच्यावर गेलीय का?" मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

मग नीशचा बाजार झाला, चाचाकचा झाला, पार नोवी साद शहरापर्यंत फोन झाले. कुठल्या गॅरेजवाल्याच्या विधवेकडे चार असले तरी दुन्या बसने जायची. ओव्हनमध्ये पाव ठेवायला गेले तर ट्रेमध्ये फ्यूज. रादोश जिथे जाई तिथे त्याला एकच उत्तर मिळे: कालच एक बाई घेऊन गेल्या. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी तो दारात उभा राहिला, हातात घरच्या राकिया दारूची बाटली.

"सासूबाई, कशा आहात?"

"तू गेल्यापासून बरी."

तो हसला, आत आला. "दुन्या, रविवारी क्लबाची फेरी आहे, तोपोला गावापर्यंत. सकाळी निघताना तपासणी. पुढे मी आणि एक मित्र, माझ्या आईला मागच्या सीटवर बसवणार आहे, तिला फार हौस आहे. बिल्ल्याशिवाय काय तोंड दाखवू? तुझ्याकडचे फ्यूज दे, तू मागशील ती किंमत."

दुन्या उठली आणि एक डबी आणून त्याच्यापुढे ठेवली. पांढऱ्या नळ्या, प्रत्येकीच्या अंगावर धातूची चकचकीत पट्टी. "घे. काही द्यायला नको."

"बघा सासूबाई! मी म्हणत नव्हतो, मनाची मोठी आहे!"

मन मोठं? माझ्या दुन्याचं? तो गेल्यावर मी बाटली मोरीत ओतली, पण ते 'काही द्यायला नको' डोक्यातून जाईना.

आज, शनिवारी दुपारी, तिच्या कामाच्या टेबलावर बशी दिसली. बशीत लाल नळ्या, नागड्या. एकीवरही पट्टी नाही. शेजारी तिचा बारीक चिमटा. ह्यांच्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं: हलक्या पांढऱ्यावर जडाची जाड पट्टी बसवली की ती वेळेवर वितळत नाही, फ्यूज उडत नाही. वायरच तापत जाते.

"दुन्या, गाडी पेटेल."

"बाबांचीच आहे. जाऊ दे बाबांकडे."

"आणि मागे बसलेली म्हातारी?"

"तिने मला 'वांझ' म्हटलं होतं, आई. भर जेवणात. तू होतीस तिथे."

होते मी. विहीणबाईंच्या त्या शब्दासाठी मी त्यांना मेल्यावरही माफ करणार नाही. पण त्यांचे गुडघे गेलेले, आणि फिचाला दोनच दारं. पुढचे दोघे उतरून सीट पाडेपर्यंत त्या मागून निघणार कशा? आणि नंतर पोलीस इथेच येतील, ह्या टेबलाशी.

"तू काही पाहिलं नाहीस," एवढं म्हणून दुन्या आपल्या खोलीत गेली. आता गाढ झोपली आहे.

रादोशला आगीची भीती घालून उपयोग नाही. जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्याने दोन हिवाळे गाडी पळवली आहे. म्हणेल, सासूबाई म्हाताऱ्या झाल्या. त्याला भीती एकाच गोष्टीची वाटते, चारचौघांत हसं होण्याची. म्हणून मी आगीचं नावच काढणार नाही. सांगेन, "पांढऱ्यावर लालची पट्टी बसवलेली आहे, बेट्या. उद्या परीक्षक सगळ्या क्लबासमोर तुझे फ्यूज उचलून दाखवतील." तो अंथरुणातून उठून ते उपटेल, प्लॅस्टिकचे परत लावेल, आणि बिल्ला जन्मात मिळणार नाही. विहीणबाई जिवंत राहतील आणि लेकाचं पडलेलं तोंड रोज बघतील. मला तेवढं पुरे आहे.

दुन्याला कळेलच. ती माझ्याशी बोलणं टाकेल, आणि माझी पाळी कधी येते याची मी वाट बघत बसेन. बसेन.

त्याचा नंबर मी कधीच खोडला होता, पण तो आता राहतो त्या विहीणबाईंच्या घरचा पाठ आहे. सगळं घर जागं झालं तरी चालेल. लावते.